नंबर 17 गैरहजर

चर्चगेट स्टेशनातून तुम्ही बाहेर पडता तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झालेत. डिसेंबर 2017, शनिवार. जमशेदजी टाटा रस्त्याचा मोठा भाग मेट्रो-तीनच्या पत्र्यांमागे गेलाय. यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत इथं झाडं होती. ज्या वाटेने दोन वर्षं डोळे मिटून गेलात, त्या वाटेवर आज एका हवालदाराला विचारावं लागतं, "बजाज इन्स्टिट्यूटकडे कुठून जायचं?" तो पत्र्यांमधल्या फटीकडे हात करतो.

इमारत जागेवर आहे. 1965 साली मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू केलेली ही जमनालाल बजाज संस्था. बाहेरचे तिला सीईओंचा कारखाना म्हणतात, आतले नुसतं 'बजाज'. तुम्ही 1992 च्या बॅचचे. पंचवीस वर्षं झाली म्हणून आज सगळे जमताहेत. दारात एक विद्यार्थिनी तुमच्या शर्टाला बिल्ला लावते. नाव, आणि त्याखाली जुना रोल नंबर, 23. ती तुम्हाला 'सर' म्हणते. तुम्ही इथून बाहेर पडलात तेव्हा ती जन्मलेलीही नव्हती.

अशा मेळाव्याचा पहिला तास सगळीकडे सारखाच जातो. "सध्या कुठे?" आपल्याकडे माणूस भेटला की 'कसा आहेस' विचारायची रीत आहे, मॅनेजमेंटच्या बॅचमध्ये तिचं 'कुठे आहेस' होतं. त्या 'कुठे'ला गावाचं नाव सांगून चालत नाही. कंपनी सांगायची, हुद्दा सांगायचा, हाताखाली किती देश ते सांगायचं. कार्डं या हातातून त्या हातात जातात. ज्यांच्याकडे आता कार्ड नाही ते मुलांची कॉलेजं सांगतात, किंवा समोसा उचलायला टेबलाकडे वळतात. मला या तासाचा राग येत नाही. माणसं एकमेकांना पुन्हा चाचपत असतात, आणि पंचवीस वर्षांनी हाताला पहिल्यांदा लागतं ते हे असंच.

मग एकजण माइक घेतो. त्याने कुठून तरी 1990 ची हजेरी मिळवलीय, झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या झालेली. तो नंबर पुकारतो आणि पन्नाशीची माणसं शाळकरी पोरांसारखी "येस सर" ओरडतात.

"सतरा?"

कुणी बोलत नाही.

"अकोल्याचा ना तो? तो कधीच येत नाही."

"दहा वर्षांच्या गेट-टुगेदरलाही नव्हता."

"लाजत असेल रे. पुढे काही जमलं नाही ना त्याचं."

बोलणाऱ्याच्या मनात वाईट नाही, उलट आवाजात कळवळाच आहे. तरी तुम्ही मान खाली घालून ग्लासातल्या बर्फाकडे बघता. सतरा नंबरचं जमलं नाही एवढंच इथं प्रत्येकाला माहीत आहे. ते कुणाच्या सल्ल्यामुळे, हे तुम्हाला माहीत आहे, निदान तुमची तशी खात्री आहे.

गर्दीतून सुटून तुम्ही जिना चढता. वर्गाचं दार उघडं आहे. बाकं बदललीत, फळ्याच्या जागी पांढरा पडदा आलाय. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसा, तुमची जागा तीच होती. समुद्राकडून खारं वारं येतं. एसीची घरघर हळूहळू पंख्याच्या खटखटीत बदलते. समोर पुन्हा काळा फळा आहे आणि त्यावर खडूची धूळ.

पहिलं लक्षात येतं ते हे, की गुडघा दुखत नाहीये.

जुलै 1990. तुम्ही बावीस वर्षांचे आहात. अंग तेव्हाचं, डोकं आजचं. नियम एकच. डोक्यात काहीही येऊ दे, तोंडातून तेच शब्द निघतील जे तेव्हा निघाले होते.

खिडकीतून खाली बघा. रस्त्याला अजून एच. टी. पारेखांचं नाव नाही, कारण पारेख हयात आहेत आणि त्यांची एचडीएफसी याच रस्त्यावर घरकर्जं देतेय. एचडीएफसी नावाची बँक निघायला अजून चार वर्षं आहेत. तुमच्या पिशवीत कोटलरचं जाडजूड मार्केटिंग आहे, कव्हर निघालेलं. संगणकाच्या खोलीत लोटस वन-टू-थ्री चालतं, आणि आपला नंबर यायची वाट बघत पोरं दारात पाच इंची फ्लॉपीने वारा घेतात. संध्याकाळी शिकवायला येणारे बरेचसे सर फोर्टातलं ऑफिस आटोपून येतात, टाय सैल करून, सकाळी आपल्याच कंपनीत घडलेली गोष्ट नावं बदलून सांगतात. बजाजचं मोठेपण पुस्तकांपेक्षा या सैल केलेल्या टायमध्ये होतं, असं माझं मत आहे.

शेजारी सतरा नंबर बसलाय. विदर्भ एक्स्प्रेसने आलाय, पत्र्याच्या ट्रंकेसकट. शेगाव स्टेशनावर घेतलेल्या कचोऱ्या वर्तमानपत्रात बांधून आणल्यात. आता त्या गार झाल्यात, तरी मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत संपतात. त्याच्या पलीकडे एकतीस नंबर, सांगलीचा, महालक्ष्मी एक्स्प्रेसवाला. त्याच्याकडे भडंगाची पिशवी कायम, आणि हसताना तो बाकावर थाप मारतो. पुढच्या रांगेत गिरगावची. चाळीतून निघून मरीन ड्राइव्हने चालत येते, म्हणजे ट्रेनच्या पासाचे पैसे वाचतात. प्रत्येक केसमध्ये सर तिला शेवटी विचारतात, कारण तिने उत्तर दिलं की चर्चाच संपते.

25 जुलैला सर फळ्यावर एक आकडा लिहितात, 1000. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स आज पहिल्यांदा चार आकडी झाला. वर्ग टाळ्या वाजवतो. तुम्हीही वाजवता, आणि त्या आकड्यापुढे किती शून्यं आणि किती घरं उभी राहतील, किती पडतील, हे आठवून तुमचे हात मधेच थांबतात. दहाच दिवसांत इराक कुवेतमध्ये घुसेल, तेल भडकेल. खोलीत कुणालाच याची कल्पना नाही. सांगलीचा भडंग पुढे करतो. "घे की. एवढं कसलं टेन्शन?"

त्याच्याकडे नीट बघून घ्या. घाई करू नका.

आता एक वर्ष पुढे.

जुलै 1991 चा पाऊस. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली, जूनमध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले. तिजोरीत परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलंय. सरकारने आधी वीस टन सोनं परदेशात विकलं, आणि आता सत्तेचाळीस टन बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवायला विमानाने जातंय. 1 जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, 3 जुलैला पुन्हा. वर्गात छत्र्यांचा ओला ढीग आहे. फायनान्सचे सर विचारतात, देशाने सोनं गहाण टाकलं, तुम्हाला काय वाटतं?

"शरमेची गोष्ट आहे सर," मागून कुणीतरी म्हणतं. माना हलतात.

सतरा नंबर हात वर करतो. तो वर्गात फारसा बोलत नाही, त्याचं इंग्रजी अडखळतं, म्हणून सर म्हणतात, मराठीत बोल.

"सर, आमच्या घरी दर जूनला हेच होतं. पेरणीच्या दिवसांत शेतकरी उचल मागतो, अडतीच्या दुकानाला पैसा लागतो, मग आईचं सोनं सावकाराकडे जातं. त्यात शरम कसली? ते सोडवून आणता आलं पाहिजे बस. आमचं संक्रांतीच्या आसपास सुटतं. नवी तूर बाजारात आली की."

वर्ग हसतो. तुम्हीही हसता. फक्त सर हसत नाहीत, ते फळ्याकडे वळून लिहितात, 'रोखतेचं चक्र', आणि त्याखाली जून ते जानेवारी असा बाण काढतात. पुढची वीस मिनिटं अकोल्याच्या एका अडत दुकानावर खेळत्या भांडवलाचा धडा होतो. तुम्ही तो उतरवून घेता. वहीचं ते पान पुन्हा कधी उघडत नाही.

24 जुलै, बुधवार. दिवसा नवं औद्योगिक धोरण आलं, संध्याकाळी पाच वाजता डॉ. मनमोहन सिंग अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले. त्या काळी बजेट संध्याकाळीच येई. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या हातात पेपर आहे आणि पेपरातल्या ओळी एकेक करून तुमचा अभ्यासक्रम खोडताहेत. अठरा उद्योग सोडले तर परवाना नको. एमआरटीपी कायद्यातली शंभर कोटींच्या मालमत्तेची अट गेली. आता मोठ्या घराण्याला कारखाना वाढवायला दिल्लीचा उंबरा झिजवायला नको. कायदा शिकवणारे सर वर्गात येतात, पिवळ्या पडलेल्या नोट्स टेबलावर ठेवतात, पहिली काही पानं उचलून बाजूला करतात. "हे परीक्षेला विचारणार नाही," म्हणतात. मग बराच वेळ बोलत नाहीत. त्यांची वीसेक वर्षं त्या पानांत आहेत.

असा क्षण फार थोड्या बॅचच्या वाट्याला येतो. तुम्ही परवान्यांच्या देशात प्रवेशपरीक्षा दिलीत आणि बाजाराच्या देशात पदवी घेणार आहात. जे शिकलात त्यातलं निम्मं तुमच्या डोळ्यांदेखत शिळं झालं, आणि त्याचं कुणालाच दुःख नाही. सगळ्यांना हर्ष झालाय. शेजारच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर दरवर्षी बजेटनंतर नानी पालखीवाला बोलतात, हातात कागद न घेता, आणि सगळं स्टेडियम भरतं. करांचे आकडे ऐकायला क्रिकेटइतकी गर्दी करणारं हे शहर, आणि त्यात तुम्ही बावीस-तेवीस वर्षांचे. स्टेडियमखालच्या के. रुस्तमकडे दोन वेफरमध्ये धरलेली आइस्क्रीमची जाड वडी घेऊन तुम्ही चौघं पावसात उभे आहात. सांगलीच्याच्या मनगटावरून ओघळ चाललाय आणि तो मोठ्याने सांगतोय, आता इथं काय काय येणार, कोका-कोला परत येणार, परदेशी गाड्या येणार. त्याचं सगळं खरं ठरणार आहे. कोका-कोला तर दोनच वर्षांत.

तुम्हाला त्याला एप्रिल 2021 सांगायचं आहे. तोंड उघडता. शब्द येतात ते एवढेच, "वडी वितळतेय बघ तुझी."

फेब्रुवारी 1992. चर्चगेटच्या वसतिगृहातल्या एका खोलीत खिळ्याला एक ब्लेझर टांगलाय. गडद निळा, सतरा नंबरच्या मामांनी लग्नात शिवलेला. पितळी बटणांपैकी मधलं हरवलंय, त्या जागी आईने त्याच मापाचं काळं बटण लावलंय. हात पुढे धरला की ते बटण झाकलं जातं. मुलाखतींच्या आठवड्यात तो ब्लेझर तिघं घालतात. आज तुमची वेळ साडेदहाची, सांगलीच्याची बाराची, ज्याचा ब्लेझर त्याची शेवटची, चारची. तुम्ही मुलाखतीभर उजवा हात पोटाशी धरून बसता. समोरच्या साहेबांना तो अदब वाटला असावा. नोकरी मिळते. बाराला सांगलीच्यालाही मिळते, टाटा ऑइल मिल्समध्ये, हमाम साबणाची ती टॉम्को. चार वाजेपर्यंत सतरा नंबरच्या कंपनीच्या जागा भरलेल्या असतात.

त्याच दुपारी गिरगावची एका खोलीतून बाहेर येते आणि काही न बोलता नळावर जाऊन तोंड धुते. तुम्ही विचारता, "झालं?" ती म्हणते, "झालं." तुम्ही पुढचं विचारत नाही. आता आतून कितीही ओरडलात, "विचार, काय झालं विचार," तरी तुमचे पाय खोलीकडेच वळतात. ते उत्तर तुम्हाला पंचवीस वर्षांनी मिळायचं आहे.

मार्चअखेरीस सतरा नंबरच्या हातात दोन पत्रं येतात. एक सहकारी क्षेत्रातलं, पगार बेताचा, नोकरी पक्की. दुसरं शेअर दलालाच्या पेढीचं, जवळजवळ दुप्पट. बाहेर बाजार पेटलाय. सेन्सेक्स 15 जानेवारीला दोन हजार झाला, 29 फेब्रुवारीला तीन हजार, आणि आज, 30 मार्चला, चार हजार. लोकलमध्ये अनोळखी माणसं एसीसीचा भाव विचारतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तुम्ही दोघं बसलात, भरतीचं पाणी खालच्या दगडांवर आपटतंय. तो दोन्ही पत्रं मांडीवर ठेवून विचारतो, "कोणतं घेऊ बे?"

या जागी यायलाच तुम्ही एवढे मागे आलात. त्याचा दंड धरा. त्याला सांगा, चोवीस दिवस थांब. 23 एप्रिलला टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल बातमी देतील, स्टेट बँकेतल्या व्यवहारांची, आणि हा सगळा डोलारा खाली येईल. सांगा.

"दलालाचं घे रे," तुमच्या तोंडून येतं. "बाजार आता थांबत नाही. पाच हजार बघणार आपण."

तो दुसरं पत्र घडी करून खिशात ठेवतो.

दिवाळीच्या आधी त्या पेढीला टाळं लागलं. तो ट्रंक घेऊन व्हीटीवर गेला तेव्हा तुम्ही हैदराबादेत होतात, नव्या नोकरीच्या प्रशिक्षणाला. अंतर्देशीय पत्र आणलं होतं. 'प्रिय' लिहून झालं, पुढचं सुचलं नाही.

पुढची वर्षं लोकलच्या खिडकीतून स्टेशनं जावीत तशी जातात. 12 मार्च 1993 ला दुपारी दीडला शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट होतो. बॅचमधले तिघं त्या वेळी दलाल स्ट्रीटवर असतात, तिघंही वाचतात, आणि पुढे कधी त्याबद्दल बोलत नाहीत. त्याच वर्षी टॉम्को हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन होते. सांगलीचा म्हणतो, मी टेबलसुद्धा बदललं नाही, कंपनी बदलली. 1995 मध्ये मोबाइल येतो, मिनिटाला सोळा रुपये, एवढ्या पैशांत कुणाची ख्यालीखुशाली विचारणार? 1996 मध्ये विद्यापीठाचं इंग्रजी नाव बदलतं, पदवीच्या कागदावरचं जुनं नाव आता फक्त तुमच्या भिंतीवर उरतं. 2000 मध्ये दोघं डॉटकॉम काढतात, दोघांचीही बंद पडतात. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स बुडते आणि न्यूयॉर्कमधल्या एका वर्गमित्राची ईमेल महिनाभर बंद असते. कुणीतरी व्हॉट्सअॅप गट काढतं. नंबर 17 त्यात आहे. वाढदिवसाला नमस्काराचे जोडलेले हात पाठवतो, बाकी काही नाही.

पुन्हा 2017. पंख्याची खटखट थांबली, एसी सुरू आहे. गुडघा दुखतोय. खाली या.

साडेनऊ वाजलेत. ज्यांना विमानं गाठायची होती ते गेले, कार्डं संपली, टाय सैल झाले. मेळाव्याचा दुसरा भाग आता सुरू होतो, आणि ज्याला खरंच कुणाला भेटायचं असेल त्याने तो चुकवू नये. गिरगावची जिन्याच्या पायरीवर बसलीय, चपला काढून. सिंगापुरात दहा वर्षं एका बँकेत मोठ्या पदावर होती. पहिल्या तासात तिने तेवढंच सांगितलं होतं. आता सांगते, आईला विसरायला व्हायला लागलं म्हणून परत आले. चाळ मेट्रोच्या स्टेशनाखाली गेली, आईला तात्पुरत्या जागेत हलवलं, आणि ती रोज संध्याकाळी दार उघडून विचारते, "आपला जिना कुठाय गं?"

मग तुम्ही ते विचारता, जे नळापाशी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मुलाखतीत काय झालं होतं?

"पाच मिनिटं त्यांनी ताळेबंद विचारला," ती म्हणते. "पंधरा मिनिटं लग्न. कधी करणार, नवऱ्याची बदली झाली तर काय, मूल झालं तर काय. मी सगळ्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं दिली. मग बाहेर येऊन तोंड धुतलं. तुम्हाला कुणाला हे विचारलं नसणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून बोलले नाही."

वर्गात पहिली आलेली मुलगी. तुम्ही दोन वर्षं तिच्या नोट्स वाचून पास झालात, आणि त्या खोलीत तिचं काय झालं हे पंचवीस वर्षं एकानेही विचारलं नाही. मला हे लिहिताना त्रास होतो. तो व्हायलाच हवा.

सांगलीचा शेजारी येऊन बसतो. बायपास झाल्याचं आत्ता सांगतो, तासापूर्वी हाच माणूस आग्नेय आशियातली विक्री सांगत होता. "घरी आराम कर म्हणतात. मी म्हटलं, पुढच्या वर्षी हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर सगळ्यांना नेतो. भडंग खायला." मग म्हणतो, "अकोल्याच्याला आणा रे कुणीतरी. ब्लेझर त्याचा होता."

"आणू," तुम्ही म्हणता. तेव्हाही एवढंच म्हणाला होतात.

आता शेवटचा मुक्काम, एप्रिल 2021. राज्यात पुन्हा निर्बंध लागलेत. इतकी वर्षं वाढदिवस आणि राजकारण वाहणारा तो व्हॉट्सअॅप गट रात्रीतून नियंत्रण कक्ष झालाय. एकाने सगळ्यांना उघडता येईल असा तक्ता बनवलाय. रुग्णालय, खाट रिकामी की नाही, ऑक्सिजन, फोन कुणी केला, किती वाजता. दर तासाला कुणीतरी तो ताजा करतं. न्यूयॉर्कवाला त्याच्या दिवसा जागा असतो, म्हणून मुंबईच्या रात्रीची फोनाफोनी तो करतो. त्या इमारतीत शिकलेलं सगळं, माणसांची वाटणी, पाठपुरावा, अपुरा साठा कुठं आधी द्यायचा, ते अखेर एवढ्या कामी आलं. अनेकांना त्या तक्त्यामुळे खाट मिळाली. सांगलीच्यालाही मिळाली. अकराव्या दिवशी त्याच्या मुलाचा मेसेज आला.

बॅचला कळवायचं काम तुमच्याकडे येतं. मेसेज टाकता येईल, पण तुम्ही एकेकाला फोन लावता. यादीत सतरा नंबर येतो. एकोणतीस वर्षं. बोट थांबतं. तरी दाबा.

दुसऱ्या रिंगला उचलतो. मागे यंत्राची घरघर. तुम्ही सांगता. तो बराच वेळ काही बोलत नाही, मग कुणालातरी ओरडून यंत्र बंद करायला सांगतो. घरघर थांबते.

"भडंग," तो म्हणतो. एवढंच.

त्या शांततेत तुम्ही ते बोलून टाकता. मरीन ड्राइव्ह, दोन पत्रं, दलालाचं घे म्हणालो होतो, माझं चुकलं.

"तू म्हणाला होतास? आठवत नाही बुवा. मी तर पगार बघून घेतली होती." मग थोडं थांबून, "माझा ब्लेझर कुणाकडे राहिला रे? मामा शेवटपर्यंत विचारत होते."

त्याची दालमिल आहे. अडतीचं दुकान भाऊ बघतो, मिल हा. तूर चाळायची, रोलरवर सालं खरवडायची, तेल लावून ढिगात मुरवायची, मग अंगणभर उन्हात वाळवायची, तेव्हा कुठं टरफल सुटतं. क्विंटलभर तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ. 2017 साली हमीभाव 5050 रुपये आणि बाजार त्याच्या खाली, खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा, बारदाना नाही, हे तो सांगतो तेव्हा त्याचा आवाज वर्गातल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा लागतो. चाळीसेक माणसांचं घर त्या मिलवर चालतं.

"मग तू कधी आला का नाहीस? एकदाही?"

"अबे, तुम्ही डिसेंबरात बोलावता. परदेशवाल्यांना नाताळची सुट्टी असते म्हणून. डिसेंबर संपता संपता नवी तूर येते. तेव्हा मी मिल सोडून कुठं येऊ?"

तुम्ही ते वहीचं पान आठवता. जून ते जानेवारीचा बाण. त्याने भर वर्गात सांगितलं होतं, तुम्ही उतरवून घेतलं होतं.

"मग कधी जमेल तुला?"

"पावसात. ऊन नसलं की वाळवण बंद, मिल थंड. ऑगस्टमध्ये कधीही बोलाव."

एकोणतीस वर्षांत त्याला तारीख कुणी विचारली नव्हती.

2022 चा मेळावा ऑगस्टमध्ये झाला. परदेशातले सातजण येऊ शकले नाहीत. हजेरी पुन्हा तशीच पुकारली. सतराला मागच्या रांगेतून "हजर" आलं. एकतीस पुकारला, आणि पुढचा नंबर घ्यायला माइकवाल्याला वेळ लागला.

तुमचीही अशी एखादी यादी असेल, कॉलेजची, शाळेची, पहिल्या नोकरीची. तीत कायम गैरहजर असणारा जो नंबर आहे, तो लाजतो असं परस्पर ठरवू नका. आज संध्याकाळी त्याला फोन लावा, आणि पुढच्या भेटीची तारीख त्याला विचारून ठरवा.